यंत्र का थांबले?

कारखान्यात यंत्र बंद पडले म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणी?’ हा, ‘का?’ हा मागाहून. पाळी कोणाची होती, शेवटचा हात कोणाचा लागला, वंगण घालण्याचे काम कोणाकडे होते, याची चौकशी आधी होते आणि बेअरिंग उघडून पाहण्याची वेळ नंतर येते. निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील श्रोत्यांना हे समजावून सांगावयास नको. येथे बहुतेक घरांत एक तरी माणूस पाळीच्या घड्याळावर जगतो. ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळते म्हणून तो सोयीचा. ‘का?’ या प्रश्नाला वेळ लागतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर कोणालाच सोयीचे नसते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगणकाकडून मिळवावे असा उद्योग गेली पन्नासएक वर्षे चालू आहे. त्याला आज कृत्रिम बुद्धिमत्ता या मोठ्या नावाखाली ओळखतात. ती आता आपल्या कारखान्यांच्या दारात उभी आहे, आणि उद्या एखाद्या कामगाराच्या चुकीचा निवाडा तिच्या सांगण्यावरून होऊ शकेल. म्हणून या उद्योगाचा थोडा इतिहास पाहून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमच्या पट्ट्याचा जन्म तसा अलीकडचा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि माळरानावर पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. त्याच दशकात चिंचवडला एस.के.एफ.ची बेअरिंग, आकुर्डीला बजाजच्या स्कूटर आणि १९६६ पासून टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, प्रचंड पसारा असे एकामागून एक उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. चाकणचा बहर त्याच्याही नंतरचा. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे तेथील कारखाने २००९ सालचे. बजाजने २०१० पासून डेन्मार्कमध्ये बनलेले यंत्रहस्त आपल्या जुळणीच्या कामात आणले. ते पिंजऱ्यात न राहता कामगारांच्या शेजारी उभे राहून पेच आवळतात.

या सर्व काळात यंत्राचे दुखणे ओळखण्याचे काम ज्याने केले तो मेंटेनन्सचा मिस्त्री. स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मुठीला कान लावणारा मिस्त्री ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याचा चेहरा आठवेल. तो काय ऐकत होता? गणित सोपे आहे. एक शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेतो असे धरा. म्हणजे सेकंदाला २५. त्याच्या बेअरिंगात आठ छर्रे आहेत. बाहेरच्या कडीवर एके ठिकाणी ओरखडा पडला असेल तर प्रत्येक छर्रा त्यावरून जाताना एक ठोका देईल, आणि असे ठोके सेकंदाला सुमारे ८० पडतील. ओरखडा आतल्या कडीवर असेल तर ती कडी शाफ्टबरोबर फिरत असल्याने ठोके सुमारे १२० पडतील. मिस्त्रीला हे आकडे ठाऊक नसत, पण ‘हा आवाज बाहेरचा, हा आतला’ हे तो सांगे. आज हेच काम बेअरिंगवर चिकटवलेले एक छोटेसे कंपमापक करते आणि आकडा पडद्यावर दाखवते. कार्यावरून कारणाकडे जाण्याची ही पहिली पायरी, आणि ती यंत्राला उत्तम साधली आहे हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु ओरखडा कोठे आहे हे कळले म्हणजे ओरखडा का पडला हे कळले असे नव्हे. बेअरिंगच्याच इतिहासातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा देखभालीचा इंजिनिअर होता. गिरणीतील बेअरिंग सारखी निकामी होत. कोणीही म्हणावे की बेअरिंग हलकी, किंवा तेल घालणारा आळशी. खरे कारण गिरणीच्या पायाखाली होते. तेथील जमीन चिकणमातीची. ती हळूहळू सरके, तिच्याबरोबर इमारत सरके, छताला टांगलेले लांब शाफ्ट एका रेषेत राहात नसत आणि त्याचा सगळा भार बेअरिंगच्या कडेवर येई. जमीन थांबवणे विंगक्विस्टच्या हातात नव्हते. म्हणून त्याने शाफ्ट किंचित वाकडा झाला तरी स्वत:ला सावरून घेणारे बेअरिंग १९०७ साली तयार केले, आणि त्यातूनच एस.के.एफ. ही कंपनी निघाली. चिंचवडच्या रस्त्याने जाताना जी पाटी आपण रोज वाचतो तिच्यामागे एका माणसाने ‘का?’ हा प्रश्न जमिनीपर्यंत नेल्याची हकीकत आहे.

जपानात टोयोटा कारखान्याच्या ताइइची ओनो यांनी या खोदकामाला पद्धतीचे रूप दिले. यंत्र थांबले, का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पुरेना म्हणून भार वाढला. वंगण का पुरेना? पंप नीट उपसत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तरावर थांबणारा नवा फ्यूज घालील, आणि महिन्याभराने पुन्हा तेथेच उभा असेल. आपल्याकडील कारखान्यांत ही ‘पाच का’ची पद्धत आज भिंतीवरच्या तक्त्यांत मानाने मिरवते. तक्ते पुष्कळदा तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी भरले जातात हा भाग वेगळा.

येथे आपल्या जुन्या न्यायशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यातील कॉलेजांत शिकवला जाई. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली निघाली. कार्याच्या आधी जे नियमाने असते ते कारण, एवढ्यावर नैयायिक थांबले नाहीत. त्यांनी कुंभाराचे गाढव पुढे आणले. घट तयार होण्यापूर्वी माती गाढवाच्या पाठीवरून आली, गाढव आधी हजर होते. मग गाढव घटाचे कारण काय? नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. जे आधी असते पण ज्यावाचून अडत नाही, त्याला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूला काढले. काठीने चाक फिरते, म्हणून काठी कारण. पण काठीचा रंग काठीबरोबर नित्य असूनही कारण नव्हे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, हे तर घरोघर माहीत आहे. गाढवाचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण गाढव एकदाच नव्हे, रोज येते.

आता हेच गाढव कारखान्यात आणू. समजा, एका छोट्या कारखान्यात रात्रपाळीत जास्त माल बाद होतो. नोंदवही सहा महिन्यांची आहे आणि तिच्यात खाडाखोड नाही. मालक म्हणेल, रात्री माणसे डुलक्या घेतात. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या मध्ये यंत्र दोन तास बंद ठेवण्याची तेथे रीत आहे असे धरा. पोलादाचा एक मीटर लांबीचा दांडा एका अंश सेल्सिअसने निवला की सुमारे १२ मायक्रॉन आखडतो. यंत्राचा ३०० मिलिमीटर लांबीचा स्क्रू दहा अंशांनी निवला तर तो ३६ मायक्रॉनने आखूड होईल. आणि जॉबला मोकळीक असेल जेमतेम २० मायक्रॉनची. म्हणजे रात्रपाळीचे पहिले काही डझन जॉब बाद होणारच, मग यंत्रावर उभा असलेला माणूस जागा असो वा झोपेत. येथे रात्रपाळी हे गाढव. निवलेला स्क्रू हे कारण. पण बोनस कापला जाईल तो रात्रपाळीचा.

संगणक या दोहोंत भेद करू शकेल काय? सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाचा कार्यक्रम तयार झाला. नाव अँटिबायोटिक औषधांच्या नावांच्या शेपटावरून घेतलेले. पिंपरीकरांना ते शेपूट स्ट्रेप्टोमायसिनमुळे परिचित आहे. रोग्याची लक्षणे सांगितली की कोणते जंतू असावेत आणि कोणते औषध द्यावे, हे तो सांगे. त्याच्या पोटात तज्ज्ञ डॉक्टरांकडून घेतलेले काही शे नियम होते: असे असेल तर तसे करा. सल्ला चांगला असे. पुढे विल्यम क्लॅन्सी यांनी तेच नियम विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरावयास घेतले, तेव्हा उणीव उघडी पडली. आठ वर्षांखालील मुलास टेट्रासायक्लिन देऊ नये, हा एक नियम. का देऊ नये? ते औषध वाढत्या दातांत साठते आणि दात डागाळतात. हे कारण डॉक्टरांच्या डोक्यात होते. नियमात उतरले नव्हते. विद्यार्थ्याने ‘का?’ विचारले की संगणक तोच नियम पुन्हा वाचून दाखवी. आमच्याकडील काही वरिष्ठांची ही सवय संगणकालाही होती म्हणावयाची.

यंत्रांच्या बाबतीत हाच मार्ग जनरल इलेक्ट्रिक कंपनीने चोखाळला. डिझेल-विद्युत रेल्वे इंजिनांचे दोष हुडकण्यात डेव्हिड स्मिथ नावाचे त्यांचे जुने इंजिनिअर निष्णात होते, आणि ते निवृत्तीला आले होते. १९८० च्या सुमारास कंपनीने त्यांच्यासमवेत संगणकतज्ज्ञ बसवले, त्यांच्याकडून एकेक नियम काढून घेतला आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये ठेवता येईल असा सल्लागार संगणक तयार केला. निवृत्त होणाऱ्या मिस्त्रीबरोबर कारखान्याची विद्या घरी जाते, हे दु:ख सार्वत्रिक आहे, आणि त्यावरचा हा उपाय वाईट नव्हता. पण स्मिथसाहेबांनी जे दोष पाहिले होते तेच त्यात आले. नवे इंजिन, नवा दोष, की पुस्तक बंद.

येथून दुसरा मार्ग फुटतो, आणि आमच्या मते या इतिहासाचा हाच सर्वांत तेजस्वी भाग आहे. अनुभवाचे नियम गोळा करण्याऐवजी यंत्राची रचनाच संगणकास का सांगू नये? नळी कोणती, झडप कोणती, कोणाला कोण जोडलेले आहे, दाब वाढला की प्रवाह वाढतो की घटतो. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनसंस्थेतील योहान डि क्लीअर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९८४ साली दाब सांभाळणारी एक साधी झडप घेऊन असा विचार मांडला. त्यात आकडे नाहीत. केवळ वाढ, घट आणि स्थिर एवढेच. तरी त्यावरून संगणक सांगू शके की येथे दाब वाढला, म्हणून तेथे पडदा ढकलला गेला, म्हणून झडप आवळली, म्हणून प्रवाह कमी झाला. त्यांनी घातलेला एक दंडक मोठा मार्मिक आहे: सुट्या भागाचे वर्णन करताना संपूर्ण यंत्र नीट चालले आहे असे गृहीत धरावयाचे नाही. कळ दाबली की दिवा लागतो असे लिहू नये, कारण तारा जोडलेल्या नसल्या तर लागत नाही. कळ दाबली की तिची दोन टोके जोडली जातात, एवढेच लिहावे. हा दंडक सोडला की दोष शोधणारा आपल्याच गृहीतात अडकतो. चांगला फिटर हेच करतो. कागदावर काय लिहिले आहे ते नंतर. आधी टोकाला वीज आहे का ते तपासा.

या मार्गावरचा एक मोठा वाटसरू मुंबईच्या वाटेने गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पवईच्या आय.आय.टी.चे पदवीधर पांडुरंग नायक यांनी स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली ती यंत्रांच्या अशा प्रतिकृती संगणकाने स्वत: कशा निवडाव्यात, या विषयावर. यंत्राचे सगळेच बारकावे घेतले तर संगणक बुडून जातो, फार थोडे घेतले तर कारणच निसटते. तेव्हा जेवढ्याने ‘का?’ला उत्तर मिळेल तेवढेच घ्यावे, आणि ही निवड कार्यकारणाच्या साखळीकडे पाहून करावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा. पुढे त्यांनी आणि ब्रायन विल्यम्स यांनी ‘लिव्हिंगस्टन’ नावाचा दोषपरीक्षक बांधला. मे १९९९ मध्ये ‘डीप स्पेस १’ हे अंतराळयान पृथ्वीपासून साडेनऊ कोटी किलोमीटरांहून दूर असताना त्याच्या कारभाराचा काही भाग या परीक्षकाकडे आणि त्याच्या जोडीदार कार्यक्रमांकडे सोपवण्यात आला. पृथ्वीवरून मुद्दाम खोटे बिघाड पाठवले गेले. एक विद्युत घटक मूक झाला; त्याने तो पुन्हा चालू केला. एक मापक खोटे सांगू लागला. त्याने ओळखले की बिघडले आहे ते मापक, यान नव्हे. दिशा राखणारा एक झोत बंद अडकला. त्याने त्या झोतावाचून चालण्याची रीत पत्करली. दुसरे उदाहरण आम्हांस विशेष वाटते. काटा लाल झाला म्हणजे यंत्र बिघडले असे न मानता काट्यावरच संशय घेणे, हे नवशिक्या माणसालाही लवकर येत नाही.

त्याच प्रयोगात एक गंमत घडली. हा सगळा कार्यक्रम मध्येच स्वत: अडकून बसला, त्याचे दोन भाग एकमेकांची वाट पाहात राहिले, आणि इंजिन ठरल्या वेळी बंद झाले नाही. यानाच्या रचनेचे ज्ञान त्याला दिलेले होते. स्वत:च्या रचनेचे नव्हते. तो दोष पृथ्वीवर बसलेल्या माणसांनी नोंदी चाळून शोधला.

इतका चांगला मार्ग असून तो कारखान्यांत सर्वत्र का रुजला नाही? कारण प्रतिकृती आखण्यास माणूस लागतो, वेळ लागतो, आणि भोसरीतल्या ज्या लेथचा मूळ नकाशाच हरवला आहे तिची प्रतिकृती आखणार कोण? दरम्यान मापके स्वस्त झाली, संगणकाची स्मरणशक्ती वाढली, आणि तिसरा मार्ग पुढे आला: काही सांगू नका, नुसत्या नोंदी द्या, काय कशाबरोबर येते ते संगणक स्वत: शिकेल. तो खरोखरच शिकतो. बेअरिंग केव्हा जाणार हे आगाऊ सांगण्यात या मार्गाने मोठे यश मिळवले आहे. पण वरची रात्रपाळीची वही त्याच्यापुढे ठेवा. तो निर्धास्तपणे सांगेल की रात्रपाळी आली म्हणजे माल बाद होतो. हे खोटे नाही. पुढच्या आठवड्यात किती माल बाद होईल याचा अंदाजही तो बरोबर देईल. फक्त गाढव आणि माती यांतील फरक त्या वहीत लिहिलेलाच नाही, तो त्याला दिसावा कोठून?

या ठिकाणी ज्यूडिया पर्ल यांचे नाव घ्यावे लागते. संभवांच्या गणिताने संगणकास विचार करावयास लावणाऱ्यांत ते अग्रणी. २००० साली कार्यकारणभावावरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि २०११ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचे म्हणणे असे की पाहणे आणि करणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. वायुभारमापकाचा काटा खाली आला की वादळ येते, हे पाहून कळते. पण काटा बोटाने खाली ओढला तर वादळ येत नाही, हे केल्याशिवाय किंवा काटा कशाने हलतो हे माहीत असल्याशिवाय कळत नाही. पर्ल यांनी या ‘करण्या’साठी गणितात स्वतंत्र खूण योजली, आणि बाणांच्या आकृतीवरून केव्हा नुसत्या नोंदींवरून कारण काढता येईल आणि केव्हा मुळीच येणार नाही, याचे नियम घालून दिले. बाण मात्र कोणीतरी आधी काढावे लागतात. आपल्या कारखान्यात ‘करणे’ म्हणजे काय? दोन्ही पाळ्यांची माणसे पंधरा दिवस आलटून पालटून पाहणे, किंवा रात्री काम सुरू करण्यापूर्वी यंत्र अर्धा तास रिकामे फिरवून तापवणे. बाद माल माणसांबरोबर गेला तर दोष माणसांचा; यंत्र तापवताच थांबला तर दोष स्क्रूचा.

अगदी अलीकडचा टप्पा अफाट वाचन केलेल्या भाषायंत्रांचा. २०२२ च्या अखेरीपासून ती घरोघर पोचली आहेत. त्यांना बेअरिंग का जाते विचारा; वंगण, वाकडेपणा, धूळ, अतिभार, सगळे क्रमाने सांगतील, कारण हे सारे माणसांनी पुस्तकांत लिहून ठेवले आहे. २०२३ साली दोन प्रकारच्या परीक्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. एकीत दोन गोष्टी देऊन कारण कोणते आणि कार्य कोणते हे विचारले होते. उंची आणि हवामान, अशा धर्तीच्या जोड्या. महाबळेश्वर उंच आहे म्हणून थंड आहे. थंड आहे म्हणून उंच नव्हे. अशा परीक्षेत त्या वेळच्या उत्तम यंत्राने ९७ टक्के गुण मिळवले. दुसऱ्या परीक्षेत वस्तूंची नावे काढून नुसती अक्षरे ठेवली आणि कोणते अक्षर कोणाबरोबर येते एवढेच सांगून कारण विचारले. तेव्हा त्या काळची यंत्रे छापकाटा करणाऱ्याहून फारशी पुढे गेली नाहीत. पुढील यंत्रे सुधारत आहेत. तरी वाचून कळलेले कारण आणि समोरच्या यंत्रावर शोधलेले कारण, हा भेद शिल्लक आहेच. ग्रंथ पाठ असलेला परंतु वर्कशॉपात न उतरलेला इंजिनिअर आपण पाहिलेला आहे. तो निरुपयोगी नसतो. त्याला मिस्त्रीजवळ उभे करावे लागते.

या यंत्रांना आपल्या पट्ट्यात जे खाद्य मिळणार आहे ते म्हणजे देखभालीच्या नोंदवह्या. आम्ही ज्या काही पाहिल्या त्यांत तारीख असते, यंत्राचा क्रमांक असतो, किती वेळ बंद होते ते असते, आणि काय केले ते असते: बेअरिंग बदलले, फ्यूज बदलला, पट्टा बदलला. ‘कारण’ असाही एक रकाना छापलेला असतो. तो बहुधा कोरा असतो. आणि भरलेला असलाच तर त्यात, यंत्र उघडण्यापूर्वीच्या हस्ताक्षरात, ‘ऑपरेटरची चूक’ एवढेच लिहिलेले आढळते.